फाइलींचा क्रम लावणाऱ्या प्रमिलाताई

प्रमिलाताई देवरे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या गैरसमजातून. नव्वदच्या दशकाची अखेर होती. संगणकाची पदविका घेऊन मी विंचूरहून एसटीने नाशिकला मुलाखतीसाठी आलो होतो. गंगापूर रोडवर बॅटरीच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं ऑफिस. आत गेलो तेव्हा खिडकीजवळ एक प्रौढ बाई आखीव वहीत काहीतरी लिहीत बसल्या होत्या. केस निम्मे पांढरे, सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. या मालकांच्या कोणी नातेवाईक असाव्यात असं मी धरून चाललो.

"काकू, साहेब कुठे आहेत?" मी विचारलं.

"चहाला गेलेत. बसा," त्या म्हणाल्या आणि दोन छापील पानं माझ्यापुढे सरकवली. "तोवर हे वाचा आणि मला सांगा."

पानांवर प्रोग्रॅम होता. मी वाचला आणि उत्साहाने सांगायला लागलो, की हा तारखा तपासतो, मग यादी लावतो. त्यांनी शांतपणे थांबवलं.

"तो काय करतो ते मी नाही विचारत. हा चालायच्या आधी काय काय जागेवर असायला हवं, ते सांगा."

मी पुन्हा वाचलं. तीन गोष्टी सापडल्या. त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे धरली. तिथे पाच लिहिलेल्या होत्या. एवढ्यात मालक शिरीष साहेब जिना चढून आले आणि म्हणाले, "ताई, झाली का मुलाखत?" तेव्हा मला कळलं की मी ज्यांना काकू म्हणालो, त्याच माझ्या वरिष्ठ होणार होत्या. त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं, "तीन सापडल्या यांना. बाकीच्या दोन सापडतील." मी नोकरीला लागलो.

ताई मूळच्या कळवण तालुक्यातल्या. गणित घेऊन नाशिकला बी.एस्सी. केलं आणि ओझर परिसरातल्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या याद्या करणाऱ्या विभागात लागल्या. वीस-बावीस वर्षं तेच काम. कुठल्या जोडणीला कोणते भाग लागतात, त्या भागांना आणखी कोणते, आणि कोणता भाग आला नाही तर पुढचं काय काय अडतं. विभागात संगणक आला तेव्हा बहुतेकांनी तो धाकट्यांवर सोपवला. ताई मात्र चाळिशी उलटलेली असताना, आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी क्लासमध्ये जाऊन बसल्या. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या शिरीष साहेबांच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आल्या, तेव्हा घरच्यांनाही ते फारसं पटलं नव्हतं, असं त्यांनीच एकदा सांगितलं.

त्यांच्या ज्या कामामुळे आज आम्ही सगळे त्यांचे ऋणी आहोत, ते समजण्यासाठी त्या काळाची थोडी कल्पना यायला हवी. एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयासाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. ब्राउझरमध्ये उघडणारं. रुग्णाची नोंद, वॉर्ड, औषधं, आहार, सगळं पडद्यावर, आणि पडद्यावरचं बरंचसं काम जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमच्या भाषेत. सुरुवातीला दहा-बारा फाइली होत्या. तीन-चार वर्षांत त्या शंभरावर गेल्या. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला या फाइलींची यादी आम्ही हाताने लिहायचो आणि ब्राउझर ती वरून खाली त्याच क्रमाने वाचायचा. एखाद्या फाइलीला जे लागतं ते तिच्या आधी आलेलं नसलं तर पडदा कोरा. आणखी एक अडचण होती. या सगळ्या फाइलींमध्ये छोट्या छोट्या कामांना दिलेली नावं एकाच जागी जमा व्हायची. दोन फाइलींनी एकच नाव वापरलं, तर नंतर आलेलं काम त्याच नावाच्या आधीच्या कामाला पुसून टाकायचं. ब्राउझर तक्रार करायचा नाही. काम चालूच राहायचं, फक्त भलतं काम.

ताई अधूनमधून म्हणायच्या, "ही यादी कुणाच्या तरी डोक्यात आहे, कागदावर नाही. हे बरं नव्हे." आम्ही हो म्हणायचो आणि पुढची फाईल यादीच्या तळाशी जोडायचो.

माझी फाईल अशीच तळाशी गेली. रुग्णालयाच्या आहार विभागाला एक तक्ता हवा होता. रुग्णाच्या वजनावरून उष्मांक काढायचे आणि ते पूर्णांकात दाखवायचे. मी आकडा पूर्ण करणारं एक छोटं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा नाव दिलेला तुकडा, लिहिलं. फाईल यादीत मधे टाकली तर पडदा कोरा यायचा. दोन-तीनदा जागा बदलली. शेवटी सगळ्यात खाली टाकली आणि तक्ता चालू झाला. का चालू झाला, हे मी स्वतःला विचारलं नाही. दुपारी ते रुग्णालयाच्या संगणकावर चढवून मी डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. बालरुग्ण विभागाच्या गावित सिस्टर बोलत होत्या. सुरगाण्याकडच्या, अनुभवी, मोजकं बोलणाऱ्या. फोन मीच उचलला.

"दादा, दोन किलोच्या बाळाला औषध शून्य दाखवतंय इथं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या बाळाला तीन आलंय. काल अडीच व्हतं. वजन तर तेच हाय."

मी टेबलावरची फाइलींची यादी ओढून घेतली. औषधाच्या पडद्यावरही आकडा पूर्ण करणारं एक फंक्शन होतं, ते एका दशांशापर्यंत आकडा ठेवायचं. मी दिलेलं नावही तेच होतं. माझी फाईल शेवटी आली आणि त्या फंक्शनला पुसून बसली. पॉइंट चारचं शून्य झालं, अडीचचं तीन.

ताईंनी माझा चेहरा पाहिला आणि रिसीव्हर हातात घेतला. "सिस्टर, बाळांना दिलंय का औषध?"

सिस्टरनी दिलं नव्हतं. भिंतीवर त्यांच्या हाताने लिहिलेला जुना तक्ता होता. पडद्यावरचा आकडा आधी त्या तक्त्याशी ताडून बघायची त्यांची सवय होती.

"फार चांगलं केलंत. आता तो पडदा कुणी वापरू नका. तुमच्या तक्त्यावरच चालू द्या. आम्ही निघालो."

शिरीष साहेब आतून आले. ते घाबरले होते आणि घाबरलेला माणूस बोलतो तसंच बोलले. "ताई, तिथे गेल्यावर नेटवर्कचं काहीतरी झालं म्हणू. तोवर हा रवींद्र आपली फाईल काढून टाकेल. उगाच करार हातचा जाईल."

"शिरीष, त्या बाईंनी तक्ता बघितला नसता तर?" ताईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी पायात चपला सरकवल्या. "मी खरं तेच सांगणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर चला."

साहेब आले. रिक्षात आम्ही तिघं होतो. माझी नोकरी गेली हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. घरी काय सांगायचं, याचीच वाक्यं जुळवत होतो.

रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांपुढे ताई उभ्याच राहिल्या. काय झालं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं, एकही इंग्रजी शब्द आडोशाला न घेता. डॉक्टर संतापले होते आणि त्यांचा संताप रास्तच होता. त्यांनी विचारलं, "हे केलं कुणी?"

मी तोंड उघडणार होतो. ताईंनी माझ्याकडे न बघता हात थोडा आडवा केला.

"डॉक्टर, एकच नाव दोन फाइलींत येऊ शकतं आणि आलं तरी आम्हाला कळत नाही, अशी आमची कामाची रीत आहे. त्या रीतीची जबाबदारी माझी. फाईल आज एकाची होती, उद्या आणखी कुणाची असेल. मला मुदत द्या. मी सांगेपर्यंत औषधाचा पडदा बंद राहू द्या. आणि परत सुरू करायचा की नाही, ते आम्ही ठरवायचं नाही, गावित सिस्टरनी ठरवायचं."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "दीड महिना. त्यानंतर मी दुसरीकडे बघेन."

ऑफिसात परतल्यावर मी राजीनामा लिहिला आणि ताईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला. "यात तू लिहिलंयस की सगळी चूक तुझी. हे खरं नाही, म्हणून मी हे पुढे पाठवू शकत नाही," त्या म्हणाल्या. त्या क्षणापर्यंत त्या मला अहो-जाहो करत असत. "पण ठेवून घेते. काम संपलं की माग. उद्या लवकर ये."

पुढचा दीड महिना माझं खरं शिक्षण झालं. ताईंनी नवीन आखीव वही काढली. प्रत्येक फाईल उघडायची आणि तिच्या डोक्यावर दोनच ओळी लिहायच्या: हिला काय लागतं आणि ही काय देते. ऐकायला सोपं वाटतं. पण शंभरावर फाइली, त्यातल्या कित्येक लिहिणारे नोकरी सोडून गेलेले. ताई त्यांना फोन करायच्या. पुण्याला गेलेल्या एका मुलाला त्यांनी त्याच्या लग्नाच्या आठवड्यात फोन केला, आधी मनापासून अभिनंदन केलं आणि मग विचारलं, "ती तारखांची फाईल कुणाच्या भरवशावर चालते रे?" त्याने बिचाऱ्याने आठवून सांगितलं.

काही फाइली कुणालाच लागत नव्हत्या. मी त्या पुसायला निघालो तर ताईंनी अडवलं. "ज्याने लिहिली त्याला आधी विचार. तो नाही म्हणाला तर काढ." विचारल्यावर दोन फाइली वर्षातून एकदाच, वार्षिक अहवालाच्या वेळी लागणाऱ्या निघाल्या.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही अडकलो. रुग्णाच्या फाइलीला वॉर्डची फाईल आधी हवी होती आणि वॉर्डच्या फाइलीला रुग्णाची. कुठलीही आधी ठेवली तरी दुसरी रडणार. मी दोन दिवस क्रम उलटसुलट करून पाहिला. ताईंनी दोन्ही फाइली छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पेन्सिलीने खुणा करत गेल्या.

"रुग्णाला अख्खा वॉर्ड कशाला हवाय? त्याला फक्त खाटेचा नंबर हवाय," त्या म्हणाल्या. "आणि वॉर्डला?"

मी पाहिलं. वॉर्डलाही रुग्णाकडून खाटेचाच नंबर हवा होता.

"मग खाटेची फाईल वेगळी कर. ती दोघांच्या आधी येईल. या दोघांना एकमेकांची गरजच नाही."

एका दुपारीत काम झालं. त्यानंतर अशा गाठी जिथे जिथे दिसल्या, तिथे आम्ही आधी हेच विचारलं, की दोघांना एकमेकांकडून नेमकं काय हवंय. बहुतेक वेळा ते थोडंसंच असायचं.

वही भरत आली तेव्हा ताई म्हणाल्या, "हे मी किती दिवस हाताने लिहिणार? फाइलींच्या डोक्यावरच्या या ओळी वाचून क्रम लावणारा प्रोग्रॅम तू लिही." मी लिहिला. तो सगळ्या फाइलींच्या ओळी वाचायचा, क्रम स्वतः ठरवायचा आणि पानावरची यादी तयार करून द्यायचा. दोन फाइलींनी एकच नाव दिलं, किंवा दोघी एकमेकींसाठी अडून बसल्या, तर तो यादी द्यायला नकार द्यायचा आणि कोणत्या दोन फाइली ते सांगायचा. ऑफिसातल्या मंडळींनी त्याचं नाव ठेवलं 'पंगत'. त्यात कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं आणि एका पानावर दोघांना बसता येत नाही, म्हणून.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही रुग्णालयात गेलो. गावित सिस्टरनी जुने केसपेपर काढले. एकेका बाळाचं वजन पडद्यावर टाकायचं, सिस्टर आपल्या तक्त्यावर आकडा काढणार आणि मग दोन्ही जुळवायचे. सकाळी सुरू केलं ते दुपारच्या चहापर्यंत चाललं. एका ठिकाणी फरक आला. मी ते वजन परत टाकलं, आकडा तोच. सिस्टरनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "हे माझं चुकलं. ओळ खालची धरली मी." मग चष्मा काढून ताईंना म्हणाल्या, "आता बरोबर हाय, ताई. सुरू करा."

"करू. पण तुमचा तक्ता भिंतीवरून काढू नका," ताई म्हणाल्या. त्या दिवसापासून नियम झाला की बालरुग्ण विभागाच्या पडद्यात कुठलाही बदल सिस्टरच्या सहीशिवाय जाणार नाही. डॉक्टरांनी करार मोडला नाही. पुढे त्याच संस्थेचं दुसरं कामही आम्हाला मिळालं, पण ते नंतरचं.

परतताना सिटी बसमध्ये ताईंनी पर्समधून माझा राजीनामा काढला. "हा अजून हवाय?" मी नाही म्हणालो. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या. मी तो सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, चौकात उतरल्यावर फाडला.

'पंगत' आम्ही बरीच वर्षं वापरली. नवीन ग्राहक आला आणि कामाच्या रीतीबद्दल विचारू लागला, की ताई मला पुढे करायच्या. "हे रवींद्रने लिहिलंय. त्यालाच विचारा." मी एकदा म्हणालो, की कल्पना तर तुमची, वहीही तुमची. त्या म्हणाल्या, "चूक झाली तेव्हा तुझं नाव मी घेतलं नव्हतं. आता चांगलं झालंय, तर घेऊ दे की."

गौरवलेखात गुणच लिहायचे असतात हे मला ठाऊक आहे. पण ताईंनाच अर्धवट नोंद आवडत नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो. पुढच्या काही वर्षांत बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे आयते प्रोग्रॅमसंच, मिळायला लागल्या. आमच्यापैकी धाकट्यांना त्या हव्या होत्या. ताईंचा ठाम विरोध. "उद्या त्यांनी काही बदललं आणि सिस्टरचा फोन आला, तर मी फोन कुणाला करायचा?" या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, पण हट्ट होता. नव्याने लागलेल्या स्वाती नावाच्या तरुण इंजिनिअरशी त्यांचे खटके उडाले. एकदा तर त्या स्वातीला सगळ्यांदेखत फार कडक बोलल्या. जवळजवळ वर्षभर आम्ही तयार मिळणाऱ्या गोष्टी हाताने लिहीत राहिलो.

मग एका सोमवारच्या बैठकीत ताई उभ्या राहिल्या. वही उघडली नाही. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "वर्षभर तुम्हा सगळ्यांची मेहनत मी फुकट घालवली. प्रश्न माझा बरोबर होता, पण उत्तर शोधायचं सोडून मी दारच लावून घेतलं. स्वाती, मी तुला जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते."

स्वाती तेव्हा तेवीस वर्षांची होती. ती उठून ताईंजवळ गेली. म्हणाली, "ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपण दोघी मिळून काढू." आणि काढलं. लायब्ररी वापरायची, पण तिची प्रत आपल्याकडे ठेवायची, कितवी आवृत्ती आहे ते 'पंगत'मध्ये नोंदायचं आणि नवी आवृत्ती आली म्हणून तपासल्याशिवाय घ्यायची नाही. हा नियम आजही आमच्याकडे चालतो. स्वाती आता त्या विभागाची प्रमुख आहे.

ताईंची माया बोलण्यात दिसत नाही. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी विचारपूसही दोनच वाक्यांत केली. पण मी आठ दिवसांनी परत आलो तर माझी तीन कामं पूर्ण झालेली होती आणि प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर, मी जशा ओळी लिहितो तशाच लिहिलेल्या होत्या. कुणी केलं विचारलं तर सगळे खाली बघायला लागले. ताई म्हणाल्या, "पंगतीने केलं असेल."

यंदा ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांनी कामाची सूत्रं आमच्याकडे दिली आहेत आणि आठवड्यातले निम्मे दिवस त्या कळवणला आईजवळ असतात. हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा त्यांची संमती घ्यायला मी तिकडे गेलो. अपेक्षेप्रमाणे त्यांनी आधी नकार दिला, मग पोहे केले आणि मग कुणाकुणाचे लेख आहेत ते विचारलं.

त्यांच्या आईंची नव्वदी जवळ आली आहे. कान तल्लख आहेत, दिसतं कमी. ओसरीवरून त्यांनी माझ्याबद्दल विचारलं, "हाऊ कोन शे?"

इतक्या वर्षांत ताईंना अहिराणी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या माझी ओळख हाताखालचा माणूस अशी करून देतील असं मला वाटलं, आणि तेच बरोबर ठरलं असतं. ताई पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाल्या, "मनासंगे काम करस, माय. माले शिकाडस."

माझ्यासोबत काम करतो, मला शिकवतो, असं ताई सांगत होत्या. आईंनी माझ्या दिशेने हात उचलला आणि म्हणाल्या, "मंग बठ ना भाऊ. उभा काब्रं शे?"

मी बसलो. रुमालाने डोळे टिपले. ताईंनी ते पाहिलं असावं, कारण त्या पाणी आणायला म्हणून आत गेल्या आणि जरा उशिराच बाहेर आल्या.

आम्हा सगळ्यांच्या वतीने मी एवढंच मागतो. आईंच्या वयापर्यंत आणि त्याच्याही पुढे ताईंना निरोगी, उमेदीचं आयुष्य लाभो. त्यांचे डोळे, हात आणि स्मरणशक्ती त्यांना अशीच साथ देवोत. आणि आमच्याकडून काही चुकलं, तर सांगायला त्या कळवणहून गाडी धरून येत राहोत. आम्ही उभे राहून ऐकू.